लिंक्डइनवर अनोळखी माणसाला लिहिताना

सॉफ्टवेअर टेस्टिंगमधून डेटाच्या कामाकडे वळायचं होतं. लिंक्डइनवर लिहायचो, उत्तर येईना. ‘संधी असल्यास कळवा, बायोडेटा जोडला आहे’ यावर समोरच्याने करायचं तरी काय?

मग मागणीच बदलली. नोकरीचा विषय काढायचा नाही. एकच प्रश्न विचारायचा, ज्याचं उत्तर बसमध्ये उभ्या उभ्या देता येईल: ‘सर, तुम्हीही टेस्टिंगमधून डेटाकडे गेलात. सुरुवातीच्या मुलाखतींत एसक्यूएलवर भर होता की पायथॉनवर?’ (दोन्ही डेटाच्या कामात लागणाऱ्या संगणकाच्या भाषा.) लोक उत्तरं द्यायला लागले. काहींनी तर पुढे आपणहून बायोडेटा मागितला.

मोफत खात्यावर कनेक्शनच्या (ओळख जोडण्याच्या) विनंतीसोबतच्या टिपेला २०० अक्षरांचीच जागा मिळते. देवनागरीत काना, मात्रा, जोडाक्षरातला हलंतही वेगळा मोजला जातो, त्यामुळे मराठीत ती भराभर संपते. म्हणून ‘आपण कुशल असाल अशी आशा’ आधी कापलं. (तसंही ते कोण वाचतं!)

रिक्रूटरचं, म्हणजे नोकरभरती करणाऱ्यांचं, गणित उलटं. त्यांना गप्पा नकोत. जॉब आयडी, अनुभवाची वर्षं, नोटीस पीरियड, शहर, एवढंच पाठवतो. उत्तर नाही आलं तर आठवड्याने एकदाच आठवण करतो.