कौलं बदलायचीयत? आधी माळ्यावर चढा

गावच्या घराचं छप्पर बदलायचं म्हटलं की सगळे पहिलं विचारतात, ब्रासला (म्हणजे १०० चौरस फुटाला) काय रेट? आणि गणित तिथेच चुकतं, कारण खर्च कौलांचा नसतोच, कौलांखाली काय आहे त्याचा असतो. आम्ही गेल्या वर्षी रत्नागिरीकडचं घर केलं, बऱ्याच चुका करून झाल्या, म्हणून लिहितोय.

तर बॅटरी आणि एक स्क्रूड्रायव्हर घ्या आणि माळ्यावर जा. वासे (उतारावरची लाकडं), रीपा (त्यांच्यावरच्या आडव्या पट्ट्या, ज्यांवर कौलं बसतात), आढं (माथ्यावरचं आडवं लाकूड) सगळीकडे टोचून बघा, मुख्य म्हणजे वाशांची भिंतीवर टेकलेली टोकं, कारण पाणी आणि वाळवी दोन्ही तिथनंच शिरतात. स्क्रूड्रायव्हर लोण्यासारखा आत गेला की तो वासा गेला, खडूने फुली मारायची. आमचे ४२ पैकी ११ वासे गेलेले, रीपा मात्र जवळपास सगळ्या. हे मोजलं नसतं तर कंत्राटदार म्हणत होता ना "सगळंच नवीन करू", त्याला मान डोलावून मोकळे झालो असतो.

आता माप. जमिनीचं माप धरू नका, छपराचं धरा. घर ३० बाय २४ फूट, चारी बाजूंनी २ फूट पागोळी बाहेर, म्हणजे ३४ बाय २८, झाले ९५२ चौरस फूट, आणि ३० अंशाचा उतार असेल तर त्याला १.१५ ने गुणायचं, म्हणजे १०९५, सरळ ११ ब्रास धरा. मंगलोरी कौलं ब्रासला साधारण १४५ लागतात, म्हणजे १६००. जुनी उतरवताना बोटाने वाजवून बघायची, खणखणीत वाजलं तर ठेवा, बद्द वाजलं तर चीर आहे. आमची हजारेक चांगली निघाली, फुटतूट धरून ६५० नवीन घेतली.

आमचा हिशोब असा झाला: कौलं ३५ रुपयांनी २२,७५०, टेम्पो ६ हजार, लाकूड (किंजळ, थोडा ऐन) ५८ हजार, दोन सुतार आणि चार गडी नऊ दिवस ४५ हजार. एकूण १ लाख ३२ हजाराच्या आसपास. म्हणजे कौलांचा वाटा सहावा हिस्सा! तुमच्याकडचे रेट वेगळे असतील पण हे प्रमाण लक्षात ठेवा.

पत्रा घालायचा असेल तर आम्हाला लोखंडासकट चौरस फुटाला १८० ते २३० सांगितलेले, म्हणजे दोन ते अडीच लाख. वानरांनी कौलं फोडून जीव नकोसा केला असेल तर पत्र्याला पर्याय नाही हे खरंय, पण मे महिन्यात दुपारी त्याच्याखाली झोपून दाखवा. आणि पत्रा हलका, कौलाच्या छपराचं वजन चौरस मीटरला ३५ किलोच्या वर जातं तर पत्रा जेमतेम ४-५ किलो, त्यामुळे त्याला भिंतीत नीट बांधलंच पाहिजे. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात रायगडात पत्रे कागदासारखे उडाले होते.

पत्र्याखालच्या सांगाड्याच्या लोखंडाचं कोटेशन वजनावर घ्या आणि पाईपची जाडी लिहून घ्या. ५० बाय ५० चा २ एमएमचा ६ मीटर पाईप साधारण १८ किलो भरतो, तोच १.६ एमएमचा लावला तर साडेचौदा, वरून रेड ऑक्साइड (गंज रोखणारा लाल रंग) मारला की डोळ्यांना फरक कळत नाही. वजनकाट्याची पावती मागितली तर तोंड वाकडं करतील, करू देत.

जुने सिमेंटचे पत्रे असतील तर ते फोडू नका, ओले करून अख्खे उतरवा, त्यात ॲस्बेस्टॉस असतं, धूळ फुफ्फुसात जाते.

घर सामाईक असेल तर भावकीची वर्गणी कामाआधी, नंतर मुंबईचे फोन लागत नाहीत.

काम शिमगा झाला की लगेच काढा. मे महिन्यात सुतार देवासारखा असतो, म्हणजे दिसत नाही, आणि ७ जूनला मृग लागलं की ताडपत्रीखाली रात्री काढायच्या. शेवटचे दहा टक्के पैसे पहिला मोठा पाऊस पडून गेल्यावर द्यायचे हे आधीच बोलून ठेवा. आणि पन्नासेक कौलं मागच्या पडवीत रचून ठेवा, प्रत्येक कारखान्याचा साचा वेगळा असतो, नंतर आणलेली खाचेत बसत नाहीत.