गणपतीला गावी निघण्याआधी: मुलांच्या उलटीच्या औषधांची तयारी

औषधांच्या दुकानात जाण्याआधी मुलाचं वजन करा. मात्रा वजनावर ठरते, आणि गावच्या घरात रात्री दोन वाजता मूल भडाभडा ओकायला लागलं की मागच्या लसीच्या वेळचं वजन कुणालाच आठवत नाही. घरी साधा काटा असला तरी पुरतं: आधी तुम्ही एकट्याने उभे राहा, मग मुलाला कडेवर घेऊन, दोन आकड्यांतला फरक म्हणजे मुलाचं वजन. तारीख घालून कागदावर लिहा. हाच कागद पुढे सगळीकडे लागणार आहे.

तो घेऊन निघायच्या आठवडाभर आधी मुलांच्या डॉक्टरांकडे जा आणि दोन गोष्टी वेगवेगळ्या विचारा. घाटात गाडी लागते त्यासाठी काय, आणि पोट बिघडून उलट्या झाल्या तर काय? बरेच जण एकच ‘उलटीचं सिरप’ दोन्हीकडे चालवतात. ते सिरप बहुधा ओंडनसेट्रॉनचं असतं. जंतुसंसर्गाने चिडलेल्या आतड्याकडून मेंदूला जाणारा ओकारीचा निरोप ते अडवतं. आंबोलीत किंवा कुंभार्लीत गाडी लागते ती मात्र कानाच्या आतल्या, तोल सांभाळणाऱ्या भागाचा आणि डोळ्यांचा मेळ बसत नाही म्हणून. तिथे या सिरपचा फारसा उपयोग होत नाही. बाटली रिकामी होते आणि मूल ओकतच राहतं.

प्रवासासाठी घराघरात असते ती अ‍ॅव्होमिन, म्हणजे प्रोमेथाझिन. दोन वर्षांखालच्या मुलाला ते अजिबात देऊ नका, श्वास मंदावण्याचा धोका असतो. मोठ्या मुलालाही डॉक्टरांनी लिहिलेल्या मात्रेतच, आणि ते सांगतील तितका वेळ आधी. घाट सुरू झाल्यावर दिलेली गोळी बाहेरच पडते. याने झोप येते, म्हणून त्याच दिवशी सर्दीचं गुंगी आणणारं सिरप चालू असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगा. खरं तर बऱ्याच मुलांना औषधाची गरजही पडत नाही. समोरचा रस्ता दिसेल अशी जागा, हातात मोबाइल नाही, निघताना वडापावाऐवजी एखादी इडली, खिडकी थोडी उघडी आणि अधूनमधून थांबणं, एवढ्यावर भागतं.

पोटाच्या उलट्यांसाठी डॉक्टरांनी ओंडनसेट्रॉन लिहून दिलं तर चिठ्ठीवर मिलिग्रॅम आणि मिलिलिटर दोन्ही लिहून मागा. बाजारातल्या सिरपमध्ये साधारणपणे ५ मिलीत २ मिग्रॅ औषध असतं. डॉक्टर किलोमागे सुमारे ०.१५ मिग्रॅ धरतात. म्हणजे १२ किलोच्या मुलाला १.८ मिग्रॅ, साडेचार मिली. हा हिशेब चिठ्ठी ताडून पाहण्यासाठी आहे, मात्रा आपली आपण ठरवण्यासाठी नव्हे. तुमच्या हिशेबात आणि चिठ्ठीत मोठी तफावत दिसली तर तिथेच विचारा. मुलाला हृदयाच्या ठोक्यांचा त्रास असेल, घरात कुणी तरुणपणी अचानक दगावलं असेल किंवा अझिथ्रोमायसिनसारखं अँटिबायोटिक चालू असेल तर तेही सांगा, कारण या औषधाने ठोक्यांची लय बिघडू शकते. सहा महिन्यांखालच्या बाळाला ते स्वतःहून कधीच देऊ नये. आणखी एक विचारून ठेवा: दिल्यावर लगेच ओकलं तर पुन्हा द्यायचं का, आणि किती मिनिटांच्या आत? रात्री अंदाजाने दुसरी मात्रा दिली जाते ती याच प्रश्नाचं उत्तर माहीत नसल्याने.

मापासाठी सुई नसलेली ५ मिलीची सिरिंज घ्या. स्वयंपाकघरातला ‘एक चमचा’ प्रत्येक घरात वेगळा असतो. सिरिंजवर चिकटपट्टी लावून मात्रेच्या रेषेवर खूण करा. देताना मुलाला बसतं ठेवा, गालाच्या आतल्या बाजूने थोडं थोडं सोडा. नाक दाबून, आडवं पाडून पाजणं हा आपल्याकडचा जुना प्रकार. त्यात औषध श्वासनलिकेत जातं.

गणपतीच्या घरात खरी भीती असते ती प्रेमळ माणसांची. काकू देते, मग आत्या देते, कारण काकूने दिल्याचं तिला ठाऊक नसतं. औषध एकाच माणसाच्या ताब्यात ठेवा आणि दिल्याची वेळ वजनाच्या कागदावरच लिहा. आजोबांच्या डब्यातल्या ॲसिडिटीच्या कॅप्सूलमध्ये अनेकदा डॉमपेरिडोन हे उलटीचं औषधही असतं. ब्रिटनच्या औषध नियामकाने २०१९ मध्ये ते १२ वर्षांखालच्या मुलांना देऊ नये असं सांगितलं. मेटोक्लोप्रामाइड या उलटीच्या दुसऱ्या औषधाने तर काही मुलांची मान वाकडी होते, डोळे वर चढतात, जीभ बाहेर येते. घरच्यांना ती बाहेरची बाधा वाटू शकते, पण तो औषधाचा दुष्परिणाम आहे आणि दवाखान्यात इंजेक्शनने लवकर उतरतो. तेव्हा मोठ्यांच्या गोळीचा चतकोर तुकडा मुलाला नको, कुणीही कितीही आग्रह केला तरी.

आता मुख्य सामान. उलटीचं औषध घ्यायचं ते ओआरएस, म्हणजे मीठ-साखरेची जलसंजीवनी, पोटात टिकावं म्हणून, तेव्हा ओआरएसशिवाय नुसती बाटली नेण्यात अर्थ नाही. पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र लिहिलेलं पाहा. ‘ओआरएस’ नावाने गोड पेयं इतकी खपत होती की ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयला (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाला) तसं नाव वापरण्यावर बंदी घालावी लागली. २०० मिलीची छोटी पाकिटं सोयीची पडतात. एक लिटरचं असेल तर पूर्ण पाकीट पूर्ण लिटरमध्येच. अर्धं अंदाजाने टाकलं की मिठाचं प्रमाण चुकतं. विहिरीचं पाणी उकळून गार केलेलं हवं, मोजायला लिटरची बाटली हवी, आणि कालवलेलं २४ तासांनी ओतून द्यायचं. औषधानंतर पंधरा-वीस मिनिटं थांबून दर दोन-तीन मिनिटांनी एक चमचा. तहानेने मूल ग्लास हिसकावतं, पण गटागटा प्यायलं की सगळं परत येतं. अंगावर पिणाऱ्या बाळाचं दूध बंद करू नका.

मागच्या वर्षीची उघडलेली बाटली नेऊ नका. नवी घेताना पावती मागा आणि बॅच क्रमांकाचा फोटो काढून ठेवा. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात खोकल्याच्या विषारी सिरपने मुलं दगावली, काहींवर नागपुरात उपचार चालू होते; तेव्हा महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने बॅच क्रमांक देऊनच सावध केलं होतं. पिशवी डिकीत न टाकता हाताशी ठेवा, पण डॅशबोर्डवर उन्हात नको.

आणि कोणत्या उलटीला घरचं औषध द्यायचंच नाही, हे त्याच कागदाच्या मागे लिहा. हिरवी किंवा रक्ताची उलटी, डोक्याला मार लागल्यानंतरची, पोट ताठ किंवा असह्य दुखत असताना, मानेच्या ताठरपणासह किंवा तीव्र डोकेदुखीसह होणारी, आणि तीन महिन्यांखालच्या बाळाची. सहा-आठ तास लघवी नाही, डोळे खोल गेलेत, मूल झोपाळून हाकेला नीट ओ देत नाही, तेव्हाही औषधाची वाट पाहायची नाही. जवळचं ग्रामीण रुग्णालय कुठे आहे आणि रात्री तिथे डॉक्टर असतात का, हे गावातल्या माणसाला निघण्याआधीच विचारा. १०८ ला फोन करायची वेळ आली तर वाडीचं नाव, जवळचा फाटा आणि गाडी कुठवर येते ते सांगावं लागतं. घरात मोबाइलला रेंज कुठे मिळते, तेही पोचल्या दिवशीच बघून ठेवा.