ऑनलाइन मार्केटिंग: भागीदार घेण्याआधी एक सीझन एकत्र करून बघा

नोकरी सोडून ऑनलाइन मार्केटिंगमध्ये, म्हणजे दुसऱ्यांच्या धंद्याच्या जाहिराती ऑनलाइन करून देण्याच्या कामात, उतरणाऱ्यांना मी आधी एकट्यानेच सुरुवात करायला सांगते. घरातलं एक टेबल, लॅपटॉप, बरं इंटरनेट आणि ओळखीतली दोन-तीन गिऱ्हाइकं, एवढ्यावर हे काम सुरू होतं. माल भरायचा नसतो, की गाळ्याचं भाडं नसतं. मग भागीदार कशाला? "सोबत असली की धीर येतो" एवढंच कारण असेल, तर थांबा. धीर मैत्रिणीकडून मिळतो, त्यासाठी तिला नफ्यात वाटा द्यावा लागत नाही.

आधी साधा हिशोब मांडा. महिना 12,000 रुपये देणारी सहा गिऱ्हाइकं म्हणजे 72,000. भागीदार आल्यावर प्रत्येकीच्या हातात तेवढेच पडायचे, तर बारा गिऱ्हाइकं लागतील. ती वाढीव सहा कोण आणणार? समोरची व्यक्ती याचं नावानिशी उत्तर देऊ शकत असेल (चाकणचा अमुक कारखानदार, बाणेरची तमुक डेंटिस्ट), तरच बोलणं पुढे न्या.

दुसरी खूण म्हणजे तुम्ही वारंवार परत पाठवत असलेलं काम. मी मराठी मजकूर लिहिते आणि गिऱ्हाइकाशी बोलते. कोणत्या जाहिरातीतून किती चौकश्या आल्या ते मोजायचं, वेबसाइटवर पिक्सेल (जाहिरातीतून आलेला माणूस तिथे काय करतो ते टिपणारा छोटा कोड) बसवायचा, हे माझं काम नव्हे. पण जे काम येत नाही त्या प्रत्येकासाठी भागीदार लागत नाही. रील एडिट करणारा मुलगा रीलमागे पैसे घेतो, ते उत्तम आहे. गिऱ्हाईक आणणारी किंवा तुमच्याइतकीच जबाबदारी घेणारी, तीच भागीदार.

जबाबदारी म्हणजे काय, ते दसऱ्याच्या आदल्या दिवशी कळतं. लक्ष्मी रोडवरच्या एका साड्यांच्या दुकानाचं काम आमच्याकडे होतं. मी सासऱ्यांना घेऊन दवाखान्यात, आणि दुकानाच्या काकांचा फोन: "ताई, सकाळपासून एक चौकशी नाही हो. जाहिरात चालू आहे ना?" जाहिरात नामंजूर झाली होती. मी सोबत काम करणाऱ्या मैत्रिणीला फक्त "बघतेस का?" एवढंच लिहिलं. तिने फोटो बदलला, मजकुरातली एक ओळ काढली, पुन्हा मंजुरीला टाकली आणि काकांना स्वतःच फोन करून सांगितलं. मला विचारायला थांबली नाही. तोवर आमची भागीदारी झालेली नव्हती. तिच्यासोबत करायची, हे माझं त्या दिवशी ठरलं.

म्हणून माझा आग्रह असा, की गणपती ते दिवाळी हा एक सीझन एकत्र काढा. फर्म नको, नवीन नाव नको. एकीने गिऱ्हाइकाला बिल द्यायचं, दुसरीने आपल्या वाट्याचं बिल पहिलीला द्यायचं. टक्केवारी व्हॉट्सअॅपवर लिहून ठेवलीत तरी या टप्प्यावर चालतं. पैसे उशिरा आले की कोण चिडतं, गिऱ्हाईक ओरडलं की कोण फोन उचलत नाही, सगळं दिसतं.

सीझन संपला की दोघींनी समोरासमोर बसून, एकमेकींचं न बघता, कागदावर तीन गोष्टी लिहा: घरखर्चाला महिना किती लागतात, आठवड्याला खरोखर किती तास देता येतील आणि कोणतं काम पैसे मिळाले तरी घेणार नाही. मग कागद बदला. मैत्रिणीच्या कागदावर होतं, "गणपतीचे दहा दिवस काम नाही, घरी गौरी असतात." माझी दागिनेवाली आणि मिठाईवाली गिऱ्हाइकं त्याच दिवसांत सगळ्यात जास्त जाहिरात करतात. आम्ही ठरवलं, ते दहा दिवस माझे, दिवाळीनंतरचा आठवडा तिचा.

आता कागदपत्रं. करारात काही लिहिलं नसेल तर 1932 च्या भागीदारी कायद्याप्रमाणे नफा-तोटा समान वाटला जातो आणि जास्त राबणाऱ्या भागीदाराला वेगळा पगार मागता येत नाही. फर्मच्या देण्यासाठी दोघींच्या घरच्या मालमत्तेपर्यंत हात पोचू शकतो. फर्मची नोंदणी सक्तीची नाही, पण नोंदणी नसेल तर बिल बुडवणाऱ्या गिऱ्हाइकावर त्या करारापोटी फर्मला दावा लावता येत नाही. मी नोंदणी कराच म्हणते. 2008 च्या कायद्याखालची एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) केली तर जबाबदारी मर्यादित राहते, मात्र उलाढाल असो-नसो, दरवर्षी विवरणपत्रं भरावी लागतात. तुमच्या आकड्यांना काय परवडतं ते सीएला विचारा.

जाहिरातीचा खर्च गिऱ्हाइकाच्याच कार्डावर ठेवा आणि अकाउंटला त्याचाच जीएसटी नंबर टाका. जाहिरातीवर 18 टक्के जीएसटी लागतो. गिऱ्हाईक नोंदणीकृत असेल तर त्याची वजावट नियमाप्रमाणे त्याला मिळते, तुमची उलाढाल उगाच फुगत नाही आणि कोणाचे लाखभर रुपये कोणाच्या कार्डावर अडकले, हा वाद भागीदारांत उभाच राहत नाही.

आणि चाव्या. मेटाच्या (फेसबुक-इन्स्टाग्रामची कंपनी) बिझनेस अकाउंटला दोघींना पूर्ण अधिकार हवेत. गूगल अॅड्सचं अकाउंट आणि डोमेन (वेबसाइटचा पत्ता) गिऱ्हाइकाच्या नावावर, आपल्याला फक्त प्रवेश. ज्या व्हॉट्सअॅप नंबरवर गिऱ्हाइकं बोलतात, तो कोणाच्याही खासगी सिमचा नसावा. वेगळं सिम घ्या आणि वेगळं व्हायची वेळ आली तर ते कोणाकडे राहील, कोणतं गिऱ्हाईक कोणाकडे जाईल, किती दिवस आधी लेखी कळवायचं, हे करारातच लिहून टाका. दोघींचं छान जमतंय तेव्हाच लिहा. नंतर त्या ओळीवर एकमत होत नाही.