दुकानात उभं राहून रँक बघू नका

गूगल बिझनेस प्रोफाइल, म्हणजे गूगल सर्च आणि नकाशावर दिसणारी दुकानाची नोंद, व्हेरिफाय करणं, वेळा भरणं, फोटो टाकणं हे तुम्हाला येतंच असं धरतो. मला एका स्क्रीनशॉटबद्दल लिहायचंय. त्याने मला चार महिने गंडवलं.

दुकानं गूगलच्या निकालांत वर आणायचं काम मी करतो. माझा पहिला क्लायंट म्हणजे वॉशिंग मशीन दुरुस्तीचं दुकान. काउंटरला टेकूनच फोनवर सर्च मारला. नकाशाखालच्या तिघांत आपण पहिले! स्क्रीनशॉट काढून मालकांना दाखवला, तेही खूश. मग दर सोमवारी तेच दुकान, तोच फोन, तोच पहिला नंबर. चौथ्या महिन्यात मालक म्हणाले, “नंबर पहिलाय ना, मग फोन का वाजत नाही?” आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. त्या रात्री घरी बसून तोच शब्द शोधला, तर पहिल्या वीसांत आपण नव्हतोच.

स्थानिक निकाल शोधाशी जुळणं, अंतर आणि प्रसिद्धी यांवर ठरतात, हे गूगल स्वतःच सांगतं. मीही ते वाचलं होतं. पण अंतर म्हणजे शोधणाऱ्यापासूनचं अंतर, हे डोक्यात शिरलं नव्हतं. दुकानात उभं राहून शोधलं की ते अंतर शून्य होतं, मग नंबर वर दिसणं सगळ्यात सोपं. दोन चौक पुढे गेलात की निकाल बदलतो, आणखी पुढे गेलात की पुन्हा बदलतो. म्हणजे ‘आपला नंबर कितवा’ या प्रश्नाला एक उत्तरच नसतं. कुठून शोधलं, हे आधी विचारायचं.

“मी तर इनकॉग्निटोत (ब्राउझरच्या खासगी विंडोत) बघतो,” असं म्हणाल. मीही म्हणायचो. इनकॉग्निटोत हिस्ट्री जाते, पण तुम्ही कुठे आहात हे लपत नाही. आणि दुकानाचं नाव टाकून शोधत असाल तर तो सर्च धरूच नका. ज्याला नाव ठाऊक आहे, तो तसाही येणारच होता.

आता मी नकाशावर दुकानाभोवती पाच बाय पाच असे २५ ठिपके धरतो आणि ग्रिड दाखवणाऱ्या टूलमध्ये प्रत्येक ठिपक्यावरचा नंबर बघतो. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मधले दोन-तीन ठिपके हिरवे, म्हणजे नंबर वर; बाकी सगळं लालभडक, म्हणजे नंबर पार खाली. पोटात गोळा आला. पण त्यामुळेच खरी चूक हाती लागली. प्रोफाइलची मुख्य कॅटेगरी (धंद्याचा प्रकार) ‘अप्लायन्स स्टोअर’, म्हणजे उपकरणं विकणारं दुकान, अशी होती, दुरुस्तीची नव्हतीच! मुख्य एक आणि जास्तीच्या नऊ कॅटेगरी घेता येतात, पण मुख्य चुकली की बाकीच्या नऊ फारसं तारत नाहीत. ती बदलली, गिऱ्हाइकांकडून रिव्ह्यू मागायला लागलो (बदल्यात सूट द्यायची नाही, ते नियमात बसत नाही), आणि हळूहळू कडेचे ठिपकेही पिवळे झाले. सगळे हिरवे कधीच होणार नाहीत. अंतर आपल्या हातात नसतं, त्याचं वाईट वाटून घेऊ नका.

ते अंतर हातात घ्यायला लोक प्रोफाइलवरच्या नावात ‘बेस्ट रिपेअर निअर मी’ घुसडतात, नाही तर व्हर्च्युअल ऑफिसचा पत्ता टाकतात. करू नका. प्रोफाइल सस्पेंड झाली आणि अपील केलं, की पुरावे जोडायचा फॉर्म उघडल्यापासून जेमतेम ६० मिनिटं मिळतात. पाटीचा फोटो, परवाना, वीजबिल आधीच एका फोल्डरात असू द्या, प्रोफाइल अगदी सरळ असली तरी.

कोर्स विकणारे गुरुजी पहिल्या नंबरचे स्क्रीनशॉट दाखवतात, त्यांना एवढंच विचारा: हा कुठे उभं राहून काढला? माझ्या गुरुजींनी मला ग्रुपमधून काढलं.

ते मालक आता नंबर विचारत नाहीत. महिन्याला किती कॉल आले आणि किती जणांनी रस्ता विचारला, एवढंच प्रोफाइलच्या ‘परफॉर्मन्स’ या आकडेवारीतून बघतात. मी दुकानात गेलो की हात अजून फोनकडे जातोच. पहिला नंबर दिसतो, बरंही वाटतं. स्क्रीनशॉट तेवढा काढत नाही.