राकसकोपचे फूट मोजू नका, पाणी मोजा: टंचाईच्या वर्षी या चुका टाळा

मे महिना लागला की बेळगावात चहाच्या गाड्यावर एकच विषय असतो, शहराला पाणी देणारं राकसकोप धरण किती फुटांवर आलं? पेपरातला आकडा बघून कुणी म्हणतो वीस दिवस निघतील, कुणी म्हणतो दहा. दोघांचाही हिशेब एकाच जागी चुकतो. तीच चूक गावच्या तलावावर होते, नदीच्या बंधाऱ्यावर होते. मार्कंडेयकाठच्या आमच्या गावात मी काही वर्षं पाणी समितीत होतो आणि यातल्या बऱ्याच चुका आम्ही स्वतः केल्या. म्हणून हे कळकळीनं लिहितोय. टंचाई दिसते मे महिन्यात, पण ती होते दिवाळीच्या आसपास, आपण हिशेब न मांडल्यामुळे.

चूक पहिली: पातळी म्हणजेच पाणी समजणं

राकसकोपची पूर्ण पातळी २४७५ फूट. हा आकडा समुद्रसपाटीपासूनचा, धरणाच्या खोलीचा नव्हे. आणि पातळी एक फूट उतरली म्हणजे दरवेळी सारखंच पाणी गेलं असंही नसतं. जलाशय वर पसरट आणि खाली निमुळता असतो. नरसाळ्याचं भोक बोटानं बंद करून त्यात निम्म्या उंचीपर्यंत पाणी ओता. दिसायला अर्धं भरलेलं दिसेल, पण आत पाणी असतं पुऱ्या नरसाळ्याच्या आठव्या हिश्श्याइतकंच. धरण अगदी नरसाळ्यासारखं नसतं, तरी कल तोच. वरचा एक फूट बारा दिवस पुरला, तर तळाजवळचा एक फूट तेवढे दिवस पुरणार नाही.

आमच्या गावच्या तलावात संक्रांतीला पाणी निम्म्या पायऱ्यांपर्यंत होतं. अर्धा तलाव आहे, मेपर्यंत चिंता नाही, असं आम्ही बैठकीत ठरवून मोकळे झालो. मार्च संपता संपता जॅकवेलच्या, म्हणजे पाणी उपसायच्या विहिरीच्या, तोंडाशी चिखल दिसायला लागला. पाणी कुणी चोरलं नव्हतं, आमचंच मोजणं खोटं होतं.

यावर उपाय साधा आहे. धरणाचा पातळीनिहाय साठ्याचा तक्ता पाटबंधारे खात्याकडे असतो. बोलायचं ते त्या तक्त्यावरून, पेपरातल्या फुटांवरून नव्हे. गावच्या तलावाला असा तक्ता नसेल तर जॅकवेलच्या भिंतीवर ऑइलपेंटनं फुटांच्या खुणा रंगवा आणि ऑक्टोबरपासून दर सोमवारी वहीत नोंद करा. एकेक फूट किती दिवस चालला हे दोन हंगाम लिहिलंत की तिसऱ्या वर्षी तुमचा अंदाज कुणीही खोडू शकणार नाही. जॅकवेलच्या तोंडाखालचं पाणी हिशेबातून आधीच वजा करा. ते डोळ्यांना दिसतं, पण नळाला येत नाही. काढायचं तर तरंगते पंप लागतात आणि ते मागवायला वेळ जातो.

उन्हालाही त्याचा हिस्सा द्यावा लागतो. कडक उन्हाळ्यात उघड्या पाण्यावरून दिवसाला सहा मिलिमीटर वाफ होते असं धरलं, तरी एका हेक्टरमागे रोजचे ६० हजार लिटर जातात. आमच्या वहीत हा खर्च पहिली दोन वर्षं नव्हताच.

चूक दुसरी: हिडकल आहे, मग काय भीती

हिडकलची क्षमता ५१ टीएमसी. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, सुमारे २,८३२ कोटी लिटर. एवढा आकडा ऐकला की शहरातला माणूस निर्धास्त होतो. पण हे धरण प्रामुख्यानं घटप्रभेच्या कालव्यांसाठी आहे. पिण्याचा वाटा त्यातला थोडा, आणि तो सुद्धा बेळगावसह अनेक गावांत वाटलेला. शेतीचं आवर्तन, म्हणजे कालव्याच्या पाण्याची पाळी, किती सोडायचं हे हंगामाच्या सुरुवातीला ठरतं. पिण्यासाठी जूनअखेरपर्यंतचं पाणी बाजूला काढून मग उरलेल्याचं आवर्तन ठरवा, ही मागणी तेव्हाच रेटायला हवी. एप्रिलमध्ये मोर्चा काढला तरी कालव्यातून गेलेलं पाणी परत येत नाही. आणि साठा १५ जूनपर्यंत नव्हे, जुलैच्या मध्यापर्यंत पुरेल असा धरा. २०२३ साली मृग कोरडा गेला आणि राकसकोप तळाला लागलं, ते बेळगावकर विसरलेले नाहीत. पुढे त्याच वर्षी कर्नाटकातले २३६ पैकी २२३ तालुके दुष्काळी जाहीर झाले.

चूक तिसरी: कोरड्या नदीत पाणी सोडून वाट बघत बसणं

ही चूक सर्वांत महाग पडते. २०१९ च्या मे महिन्यात अथणी, चिकोडी, रायबाग भागात कृष्णेचं पात्र उघडं पडलं आणि कोयनेतून पाणी सोडा म्हणून महाराष्ट्राकडे विनवण्या सुरू झाल्या. (त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये त्याच काठावरच्या लोकांना महापुरानं घरं सोडावी लागली.) दूधगंगा-वेदगंगेच्या काठावर सदलगा, निपाणीकडेही उन्हाळ्यात काळम्मावाडी धरणाच्या पाण्याकडे असेच डोळे लागलेले असतात.

पाणी सोडल्याची बातमी आली म्हणजे पाणी आलं असं नाही. तापलेली वाळू आधी पिऊन घेते, वाटेतले डोह भरतात, आणि तोवर दोन्ही काठांच्या मोटारी सुरू होतात. शेवटच्या गावापर्यंत पोचते ती नुसती ओल. म्हणून थोडं थोडं, अनेकदा सोडण्यापेक्षा एकदाच जोरात सोडलेलं पाणी लांब जातं, कारण वाळू दरवेळी नव्यानं भिजवावी लागत नाही. पाणी वाहतंय तेवढे दिवस काठावरच्या पंपांची वीज बंद ठेवावी लागते. ऊसवाला शेतकरी चिडतो, आणि त्याचं चिडणं खोटं नाही, डोळ्यांदेखत पीक वाळतं. म्हणून तारखा आठ दिवस आधी गावागावांत दवंडी देऊन सांगा, आणि वीज पुन्हा कधी येणार तेही त्याच दवंडीत सांगा. रात्रीत वायर कापण्यापेक्षा हे फार बरं. आणि वरच्या गावानं बंधारा अडवला की खालच्या गावाशी भांडण ठरलेलं, तेव्हा दोन्ही गावांची दोन-दोन माणसं बंधाऱ्यावर एकत्र बसवा.

चूक चौथी: बरगे उशिरा घालणं

आपल्याकडच्या नद्यांवर कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. पाऊस ओसरून नदीची धार बारीक होण्याच्या आत त्यांचे बरगे, म्हणजे पाणी अडवायला खांबांमध्ये बसवायच्या फळ्या, बसले पाहिजेत. उशीर झाला की अडवायला पाणीच उरत नाही. घाई केली आणि परतीचा पाऊस जोरात आला तर काठ फुटतो. म्हणून ऑक्टोबरमध्ये रोज नदी बघणारा एक माणूस नेमा.

आमच्याकडे एका वर्षी बरगे वेळेत बसले, तरी जानेवारीत बंधारा रिकामा. खाली उतरून बघितलं तर दोन बरग्यांच्या मधून हाताच्या बोटाएवढी धार, अशा अकरा धारा. रबराच्या पट्ट्या उन्हात तडकून गेल्या होत्या आणि तीन बरगे वाकलेले होते. ती धार रात्रंदिवस तीन महिने वाहत होती आणि आम्ही वरून पाणी बघून समाधानी होतो. आता गणपती झाले की बरगे गोदामातून बाहेर काढून एकेक तपासतो आणि पट्ट्या तेव्हाच मागवतो. बंधारा भरल्यावर मात्र खालच्या बाजूनं बघायचं, वरून काही कळत नाही.

घरातल्या दोन चुका

पाणी आठ-दहा दिवसांनी येऊ लागलं की एक गोष्ट गल्लोगल्ली दिसते. नळ आला की बाया आधीचं पिंप गटारीत रिकामं करतात. शेजारच्या काकूंना मी एकदा थांबवलं. त्या म्हणाल्या, "नवीन पाणी आलंय की! शिळं कशाला ठेवायचं?" पिंप झाकलेलं होतं, पाणी नितळ होतं. "काकू, धरणात ते सहा महिने शिळंच होतं की," म्हटलं, तशा त्या थबकल्या. ते पाणी धुण्याला, भांड्यांना, संडासाला वापरा. पिण्याचं पिंप वेगळं ठेवा, झाकून ठेवा, आणि त्यात हात बुडवू नका, ओगराळं वापरा.

दुसरी चूक नळाला थेट मोटार लावण्याची. पाइप रिकामा असताना मोटार ओढू लागली की फुटक्या सांध्यातून गटारीचं पाणी आत येतं, आणि मग एकाच गल्लीत कावीळ निघते. पहिली पाच-दहा मिनिटं येणारं गढूळ पाणी पिण्यात घेऊ नका, बादलीत धरून झाडांना घाला. गावच्या व्हॉल्व्हमननं टाकीजवळ नव्हे, शेवटच्या नळाला क्लोरीन तपासावा. तिथं लिटरला ०.२ मिलिग्रॅम उरला पाहिजे. क्लोरीन तपासायच्या औषधाचा थेंब टाकल्यावर पिवळी छटा आली नाही तर पाणी उकळून प्या, म्हणून लगेच सांगा.

बोअर, विहीर आणि गाळ

टंचाई आली की पहिली मागणी नव्या बोअरची असते. आपल्या काळ्या पाषाणात पाणी भेगांत असतं. भेग लागली तर लागली, नाहीतर धूळ. शेजारी दुसरी बोअर मारली की पुष्कळदा पहिलीचंच पाणी वाटून घेतलं जातं. त्याआधी जुन्या विहिरी उपसा. १९२४ च्या डिसेंबरात महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली बेळगावात काँग्रेसचं अधिवेशन भरलं, त्यासाठी टिळकवाडीत खोदलेली काँग्रेस विहीर आजही आहे. गावोगावच्या अशा विहिरींत आपण निर्माल्य आणि प्लास्टिक टाकतो, याचं मला फार वाईट वाटतं.

गाळ मार्च-एप्रिलमध्येच काढा, पहिल्या वळवानंतर गाडी आत जात नाही. पाझर तलाव असेल तर तळ मोकळा झाला तरी चालतं, खालच्या विहिरींना फायदाच होतो. पण पिण्याच्या तलावाच्या तळाला चिकणमातीचा थर असतो, त्यानंच पाणी धरलेलं असतं. शेतात टाकायला माती हवी म्हणून लोक खोल खोल जाऊ बघतात. तिथं समितीचा माणूस दिवसभर उभा पाहिजे. काळा गाळ संपून चिकणमाती दिसली की जेसीबी थांबवा. मुरूम लागेपर्यंत खणलंत तर तो तलाव पुढच्या पावसाळ्यात भरेल, पण दिवाळीपर्यंत टिकणार नाही.