पसरणी घाटात तापलेलं इंजिन आणि दीड तासाची वाट

वाईहून पाचगणीला चढताना इंजिनच्या तापमानाचा काटा लाल पट्टीला टेकला. एसी बंद केला, गाडी कडेला घेतली, बॉनेट उघडलं. वाटलं, दहा मिनिटांत थंड होईल. नाही होत! इंजिन बंद पडलं की बहुतेक गाड्यांत वॉटर पंपही थांबतो, कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) फिरत नाही आणि धातूतली उष्णता त्यातच उतरते. म्हणून पहिली काही मिनिटं तापमान उलट वाढतं.

अर्ध्या तासाने फडक्याने रेडिएटरचा वरचा पाइप दाबून पाहिला, टणकच. म्हणजे आत दाब होता. अशा वेळी रेडिएटरचं झाकण उघडलं तर उकळतं पाणी थेट तोंडावर उडतं, त्यामुळे मुलाला मी जवळसुद्धा येऊ दिलं नाही. दीड तासाने पाइप मऊ लागला, तेव्हा कुठे जाड फडकं धरून झाकण हळूहळू सोडलं.

दोष साधा निघाला: खालच्या पाइपची क्लिप सैल, तिथून गळती. स्क्रूड्रायव्हरने आवळली, पाणी थोडं थोडं ओतलं. दुसऱ्या दिवशी नवं कूलंट भरून घेतलं, निम्मं कूलंट आणि निम्मं डिस्टिल्ड वॉटर. नुसत्या पाण्यावर गाडी फार दिवस चालवू नका, आतून गंज चढतो.