कागदी एनिग्मा मधेच भरकटायचा, त्यावरचा इलाज

चिप्सच्या उभ्या डब्याला कागदी पट्ट्या गुंडाळून जर्मन लष्कराच्या एनिग्मा या संदेश सांकेतिक करणाऱ्या यंत्राची नक्कल केली. डावीकडून रोटर (अक्षरं बदलणारी फिरती चाकं) 1, 2, 3 आणि परावर्तक बी (अक्षर पुन्हा रोटरांतून मागे पाठवणारा भाग). रोटरचं चालू अक्षर दाखवणाऱ्या तिन्ही खिडक्यांत ए ठेवून पाच वेळा ए घातला की बी-डी-झेड-जी-ओ यायला हवं, तसं आलंही. लांब मजकूर मात्र संगणकावरच्या एनिग्माशी ताडला की मधूनच जुळेना. आधी संशय पट्ट्यांवर, कारण पावसाळी हवेत कागद सैल पडतो. कडेने चिकटपट्टी फिरवली, घसरणं थांबलं. घोळ तसाच.

खरी गोम मधल्या रोटरची. तो गाडीच्या मीटरसारखा शहाण्यासारखा फिरत नाही. त्याच्या खिडकीत ई आला की पुढच्याच अक्षराला तो डाव्याला ढकलतो आणि स्वतःही पुन्हा सरकतो. म्हणजे खिडक्यांत आधी ए-डी-व्ही, मग ए-ई-डब्ल्यू, आणि लगेच बी-एफ-एक्स!

मग उजव्या पट्टीवरचा व्ही आणि मधल्या पट्टीवरचा ई लाल पेनने रंगवले. प्रत्येक अक्षराआधी बघायचं: उजवीकडे लाल दिसला तर मधला एक घर पुढे, मध्ये लाल दिसला तर मधला आणि डावा दोन्ही. उजवा दरवेळी सरकतोच. आता पानभर मजकूरही तंतोतंत जुळतो. प्लगबोर्डच्या (अक्षरांची जोडीजोडीने अदलाबदल करणाऱ्या फळीच्या) जोड्या वेगळ्या चिठ्ठीवर लिहिल्या तरी भागतं.